लिनक्समधील सहीची प्रथा

हेलसिंकी विद्यापीठात शिकत असता लिनस टोरव्हाल्ड्स यांनी १९९१ साली आरंभिलेल्या लिनक्स या मुक्तस्रोत संगणकप्रणालीस दूरदूरचे लोक दुरुस्त्या पाठवीत, व पसंत पडतील त्या ते मूळ संहितेत घेत. दुरुस्ती कोणाची, याहून ती चालते की नाही, यालाच महत्त्व असे. या भाबडेपणाचे मोल पुढे द्यावे लागले. २००३ च्या मार्चमध्ये एससीओ या कंपनीने आयबीएमवर दावा लावला आणि त्या ओघात लिनक्समध्ये युनिक्सची संहिता शिरल्याचा आरोप झाला. आता दहाबारा वर्षांपूर्वीच्या ओळी कोणाच्या हातच्या, हे धुंडाळणे आले.

२००४ च्या मेमध्ये टोरव्हाल्ड्स यांनी उपाय सुचविला. दुरुस्ती देण्याचा आपणांस अधिकार आहे असे प्रमाणित करून पाठविणाऱ्याने खाली आपले नाव लिहावे. ती ज्या ज्या हातांतून वर जाईल त्यांनीही आपापले नाव जोडावे. पोथीच्या पुष्पिकेत नकलकार बहुधा स्वतःपुरतेच सांगतो. येथे संक्रमणाची साखळीच नोंदली जाते. पाठचिकित्सकास हेवा वाटावा अशीच ही सोय आहे. अर्थात खोटी सही करणारास ती अडवू शकत नाही.

युनिक्सचे स्वामित्वहक्क एससीओकडे नसून नॉव्हेलकडे आहेत, असा निर्णय अमेरिकेतील ज्यूरीने २०१० साली दिला. सहीची प्रथा तोवर रूढ झाली होती.