अवयवदान : मृत्यूच्या व्याख्येचा इतिहास

नेत्रदान हा शब्द आज समाजातील बहुतेक घरांत परिचयाचा झाला आहे. मृत्यू घरी झालेला असो वा रुग्णालयात, सहा तासांच्या आत नेत्रपेढीला कळविले की डॉक्टर येतात आणि अंत्ययात्राही फारशी लांबत नाही. त्यामुळे मूत्रपिंड, यकृत किंवा हृदय यांचे दानही असेच होत असावे, असा अनेकांचा समज असतो. प्रत्यक्षात दोहोंत मूलभूत अंतर आहे. नेत्रदान हृदय थांबल्यानंतर होते. हृदयाचे दान मात्र सहसा ते चालू असतानाच घेतले जाते. या एका अंतरामुळे अवयवदानाचा इतिहास हा शल्यविद्येइतकाच मृत्यूच्या व्याख्येचाही इतिहास ठरला आहे.

डोळ्याच्या पारदर्शक पटलाचे पहिले यशस्वी रोपण ७ डिसेंबर १९०५ रोजी आजच्या चेक प्रजासत्ताकातील ओलोमोत्स येथे एडुआर्ड त्सिर्म यांनी केले. या पटलात रक्तवाहिन्या नसतात, म्हणून शरीर ते सहसा नाकारीत नाही. इतर अवयवांच्या बाबतीत शरीराचा हा विरोधच मोठा अडसर होता. २३ डिसेंबर १९५४ रोजी बोस्टन येथे जोसेफ मरे यांनी एका भावाचे मूत्रपिंड दुसऱ्याला बसविले आणि ते चालले, कारण ते दोघे एकसारखे जुळे होते. पुढे १३ वर्षांनी, ३ डिसेंबर १९६७ रोजी, केपटाऊन येथे ख्रिस्तियान बर्नार्ड यांनी मानवी हृदयाचे रोपण केले. तो रुग्ण १८ दिवस जगला.

यानंतर जेमतेम अडीच महिन्यांत मुंबईच्या परळ येथील केईएम रुग्णालयात हीच शस्त्रक्रिया झाली, हे आज फारसे कोणाच्या स्मरणात नाही. फेब्रुवारी १९६८ मध्ये डॉ. प्रफुल्लकुमार सेन व त्यांच्या सहकाऱ्यांनी जगातील सहावे मानवी हृदयरोपण केले. मानवी हृदयाचे रोपण करणारे ते जगातील चौथे शल्यविशारद. महापालिकेचे रुग्णालय, गर्दीचे वॉर्ड आणि तुटपुंजी साधने असतानाही ही तयारी अनेक वर्षे चालू होती. त्याआधीचे प्रयोग कुत्र्यांवर झाले होते. अहिंसेच्या संस्कारात वाढलेल्या वाचकाला हे वाचून अस्वस्थ वाटेल. तरी इतिहासातून ते वगळता येत नाही. शस्त्रक्रियेनंतर रुग्ण सुमारे तीनच तास जगला. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये सेन यांनी पुन्हा प्रयत्न केला. तो रुग्णही एक दिवस पूर्ण करू शकला नाही.

या अपयशाचा दोष सेन यांच्या हातांना देता येणार नाही. १९६८ या एका वर्षात जगभर शंभराच्या आसपास हृदयरोपणे झाली आणि बहुतेक रुग्ण लवकरच दगावले, तेव्हा जवळजवळ सर्वांनीच हे काम थांबविले. शरीराचा विरोध आवरणारे सायक्लोस्पोरिन हे औषध नॉर्वेतील पठारावरच्या मातीत सापडलेल्या बुरशीपासून मिळाले आणि त्याला अमेरिकेत १९८३ मध्ये मान्यता मिळाली. त्याशिवाय दुसरी अडचण होती ती कायद्याची. हृदय थांबल्याशिवाय माणूस मृत नव्हे, असे तेव्हा कायदा मानीत होता. आणि थांबलेले हृदय दर मिनिटाला निकामी होत जाते. ऑगस्ट १९६८ मध्ये हार्वर्डच्या समितीने मेंदूच्या मृत्यूचे निकष मांडले. भारतात मात्र ते कायद्यात येण्यास २६ वर्षे लागली.

मधल्या काळात देशात जिवंत माणसांच्या मूत्रपिंडांचा बाजार उभा राहिला. गरिबाने कर्जापायी मूत्रपिंड विकावे आणि दलालाने मधला पैसा खावा, या लज्जास्पद व्यवहाराला आळा घालण्यासाठी १९९४ चा मानवी अवयव प्रत्यारोपण कायदा झाला. त्याच कायद्याने मस्तिष्कस्तंभाचा मृत्यू हा मृत्यूच होय, असे मान्य केले. फेब्रुवारी १९९५ पासून तो प्रथम महाराष्ट्र, गोवा, हिमाचल प्रदेश व केंद्रशासित प्रदेशांत लागू झाला. त्याआधीच, ३ ऑगस्ट १९९४ रोजी, दिल्लीच्या एम्समध्ये डॉ. पी. वेणुगोपाल यांनी देशातील पहिले यशस्वी हृदयरोपण केले होते. मुंबईला यशासाठी ऑगस्ट २०१५ पर्यंत थांबावे लागले. पुण्यातील दात्याचे हृदय तेव्हा मुलुंडला आणण्यात आले. परळच्या त्या प्रयत्नाला ४७ वर्षे लोटली होती.

कायद्यानुसार चार डॉक्टरांचे मंडळ किमान सहा तासांच्या अंतराने दोनदा तपासणी करते. कृत्रिम श्वसन काही काळ थांबवून रुग्ण स्वतः श्वास घेतो का, हेही पाहिले जाते. तरीही बाहेर बसलेल्या आप्तांना छाती हलताना दिसते, हात उबदार लागतो. जैन शास्त्रात संज्ञी पंचेंद्रिय जीवाला दहा प्राण सांगितले आहेत. श्वासोच्छ्वास हा त्यांतील एक आणि आयुष्य हा दुसरा. यंत्राने चालविलेला श्वास हा श्वासोच्छ्वास प्राण म्हणावा काय, आणि आयुष्य प्राण नेमका कोणत्या क्षणी संपला, हे कोणत्याही यंत्रावर उमटत नाही. श्रद्धाळू कुटुंबाचा संकोच येथे असतो. त्याला अज्ञान म्हणून झटकून टाकणे योग्य नव्हे. कायदा व वैद्यक एवढेच सांगू शकतात की तपासणीचे निकष पुरे झाल्यावर तो माणूस पुन्हा श्वास घेऊ लागत नाही.

२०२३ मध्ये देशात १८,३७८ प्रत्यारोपणे झाली. मृत्यूनंतर दान करणारे दाते मात्र १,०९९ होते. उरलेला भार जिवंत नातेवाइकांनी उचलला, आणि त्यांतही स्त्रियांची संख्या पुरुषांहून बरीच मोठी होती. पत्नी किंवा आई मूत्रपिंड देते आणि पती वा मुलगा ते घेतो, हे चित्र अजून पालटलेले नाही. दानाचा गौरव करताना त्या संमतीत किती स्वेच्छा आणि किती घरचा दबाव होता, हे विचारणेही आवश्यक आहे.

हा तुटवडा भरून काढण्यासाठी संशोधकांची दृष्टी प्राण्यांकडे वळली आहे. मार्च २०२४ मध्ये बोस्टन येथे जनुके बदललेल्या डुकराचे मूत्रपिंड एका जिवंत रुग्णाला बसविण्यात आले. तो सुमारे दोन महिन्यांनी निधन पावला. त्यानंतर तसे आणखी प्रयत्न झाले आणि काही रुग्ण कित्येक महिने त्या मूत्रपिंडावर राहिले. डुकराच्या हृदयाच्या झडपा माणसाला बसविणे तर जुने आहे, आणि शस्त्रक्रियेत रक्त गोठू नये म्हणून दिले जाणारे हेपॅरिन डुकराच्या आतड्यापासूनच काढतात, हे अनेक जैन रुग्णांना ठाऊकही नसते. मनुष्याकडून अवयव घेताना संमती विचारली जाते. डुकराला ती विचारण्याची सोय नाही.

सप्टेंबर २०२३ पासून आधार क्रमांकाच्या साह्याने अवयवदानाचा संकल्प नोंदविता येतो. प्रत्यक्षात मात्र नोंद असूनही त्या वेळी आप्तांची संमती घेतली जाते. त्यांना हृदयाबद्दल विचारले जाते तेव्हा निर्णयाला वेळ थोडा असतो, आणि शरीराबाहेर काढलेले हृदयही सहसा चार ते सहा तासांपेक्षा अधिक टिकत नाही. बहुतेक घरांत हा विषय त्या दिवसापूर्वी कधी निघालेलाच नसतो.