खोखा झालेली हुंडी आणि एकदाच चालणारा कार्डक्रमांक

१/ ऑनलाइन खरेदीसाठी काही बँका असा कार्डक्रमांक देतात की जो एका व्यवहारापुरताच जगतो. पैसे चुकते झाले की तो निकामी होतो. त्याला व्हर्च्युअल कार्ड म्हणतात. ही कल्पना इंटरनेटच्या युगाची देणगी समजली जाते. परंतु तिच्यामागचे तत्त्व सावकारी पेढीवरच्या हुंडीइतके जुने आहे. हा धागा त्या तत्त्वाच्या प्रवासाचा. रोहा आणि पेण ही रायगड जिल्ह्यातील दोन गावे या प्रवासात महत्त्वाच्या वळणांवर भेटतात.

२/ रोहा कुंडलिकेच्या काठी वसले आहे. ही नदी रेवदंडा-चौलपाशी समुद्राला मिळते. चौल हे मध्ययुगात पश्चिम किनाऱ्यावरचे नामांकित बंदर होते. १५ व्या शतकात रशियन प्रवासी अफनासी निकितिन याच बंदरात उतरून दख्खनकडे गेला. पेण हे मिठागरांचे गाव. तेथून खोपोलीमार्गे बोरघाट गाठता येई. किनाऱ्यावरचा माल घाट चढून देशावर जाणार, तर त्याचे पैसे घाट उतरून यायला हवेत. नाण्यांच्या थैल्या घेऊन रानवाट तुडवणे हे मात्र जिवावरचे काम होते.

३/ या अडचणीवर हिंदुस्थानभरच्या व्यापाऱ्यांनी काढलेला तोडगा म्हणजे हुंडी. एका गावच्या सावकाराकडे रोकड भरायची. तो दुसऱ्या गावच्या आपल्या आडत्यावर चिठ्ठी लिहून देई. ती दाखवली की तेथे पैसे मिळत. या सेवेचा मोबदला म्हणजे हुंडणावळ. मराठेशाहीत चौथाईच्या रकमा आणि फौजेचा खर्चही अशा हुंड्यांवरून दूरदूर फिरत असे. पैसा जागचा हलत नसे, फक्त कागद प्रवास करी.

४/ पण कागद चोरीला गेला तर? हुंडीची खरी कारागिरी येथे दिसते. रक्कम एकदाच लिहून भागत नसे. तिची निमपट लिहून ‘त्याचे दुप्पट’ द्यावे, असाही उल्लेख करीत, म्हणजे आकड्यापुढे शून्य वाढवणाऱ्याची चोरी उघडी पडे. शिवाय हुंडी लिहिल्याची खबर देणारे वेगळे पत्र समोरच्या पेढीकडे जाई. कागद आणि खबर जुळली नाही, तर पैसे थांबत.

५/ हुंडीचे प्रकार पाहिले की चोरापासूनचे संरक्षण किती बारकाईने योजले होते ते कळते. दर्शनी हुंडी दाखवताच वटे. मुदती हुंडी ठरलेल्या दिवसांनंतर. शाहजोग हुंडीचे पैसे केवळ बाजारात पत असलेल्या शाहालाच मिळत, वाटेत सापडलेली हुंडी घेऊन आलेल्या अनोळखी माणसाला नव्हे. जोखमी हुंडी तर तिच्याशी जोडलेला माल सुखरूप पोचला तरच वटे.

६/ मूळ हुंडी हरवली तर तिची दुसरी प्रत निघे, तिला पैठ म्हणत. तीही हरवली तर परपैठ. तिन्ही कागद मिळून रक्कम मात्र एकदाच मिळे. आणि पैसे चुकते झालेल्या हुंडीला नाव होते ‘खोखा’. खोखा पेढीवर जपून ठेवीत. तो पुरावा म्हणून मोलाचा होता, पण त्यावर पुन्हा दमडीही मिळत नसे. एक कागद, एक व्यवहार, आणि मग त्या कागदाची ताकद संपली.

७/ विसाव्या शतकातील कार्डाने हे तत्त्व मोडले. १९५० मध्ये अमेरिकेत डायनर्स क्लबचे कार्ड आले, १९५८ मध्ये बँक ऑफ अमेरिकाचे. हुंडी व्यवहारागणिक नवी असे. कार्डाचा क्रमांक मात्र वर्षानुवर्षे तोच. उपाहारगृहात, दुकानात, पेट्रोल पंपावर तोच क्रमांक दाखवायचा. म्हणजे जो कोणी तो एकदा पाहील, त्याच्या हाती कधीच खोखा न होणारी हुंडी आली.

८/ कार्ड प्रत्यक्ष हातात लागत होते तोवर हा धोका आटोक्यात होता. ऑगस्ट १९९४ मध्ये अमेरिकेत सांकेतिक लिपीत दडवलेल्या कार्डक्रमांकावर इंटरनेटवरून संगीताची एक सीडी विकली गेली, आणि कार्डाची गरज संपून केवळ क्रमांक पुरेसा ठरू लागला. वाटेतली चोरी सांकेतिक लिपीने रोखली. परंतु दुकानदाराच्या संगणकात साठलेल्या हजारो क्रमांकांचे काय, हा प्रश्न तसाच राहिला.

९/ त्याचे उत्तर जानेवारी २००० मध्ये कटू रीतीने मिळाले. ‘सीडी युनिव्हर्स’ या संगीतविक्रेत्याकडून सुमारे ३ लाख कार्डक्रमांक चोरल्याचा दावा एका अज्ञाताने केला आणि खंडणी मागितली. ती न मिळताच त्याने हजारो क्रमांक इंटरनेटवर उघडे केले. ग्राहकांची चूक काहीच नव्हती. त्यांनी एकदा खरेदी केली होती, एवढेच.

१०/ त्याच सुमारास आयर्लंडमधील ऑर्बिसकॉम या कंपनीने एकदाच चालणाऱ्या क्रमांकाचे तंत्र उभे केले, आणि सप्टेंबर २००० मध्ये अमेरिकन एक्स्प्रेसनेही अशी सेवा जाहीर केली. युक्ती साधी होती. हा क्रमांक दिसायला अगदी खऱ्या कार्डासारखा: आरंभीचे अंक बँकेची ओळख सांगणारे, अखेरचा अंक हिशेब पडताळणारा. ही पडताळणीची रीत आयबीएममधील हान्स पीटर लून यांनी १९५० च्या दशकात शोधलेली. त्यामुळे दुकानदाराला आपल्या यंत्रणेत काहीच बदलावे लागत नसे. खऱ्या खात्याशी त्या क्रमांकाचे नाते केवळ बँकेच्या वहीत असे.

११/ भारतातही काही बँकांनी ही सोय दिली. ग्राहकाने नेटबँकिंगमध्ये रक्कम ठरवायची, तेवढ्याच रकमेचा क्रमांक मिळतो, आणि एका व्यवहारानंतर किंवा एक-दोन दिवसांत तो बाद होतो. न वापरलेले पैसे खात्यातच राहतात. दर महिन्याला आपोआप पैसे कापणाऱ्या वर्गणीसाठी किंवा जेथे मूळ कार्ड दाखवावे लागते अशा हॉटेलच्या नोंदणीसाठी तो गैरसोयीचा. अनोळखी संकेतस्थळावरच्या एका खरेदीसाठी मात्र त्याच्यासारखी ढाल नाही.

१२/ येथे रोह्याची भेट पुन्हा होते. चिंतामण द्वारकानाथ देशमुख यांचा जन्म १४ जानेवारी १८९६ रोजी किल्ले रायगडाजवळच्या नाते गावचा. बालपण रोह्यात गेले. ऑगस्ट १९४३ मध्ये ते रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले. त्यांच्याच कारकिर्दीत, १ जानेवारी १९४९ रोजी, रिझर्व्ह बँकेचे राष्ट्रीयीकरण झाले, आणि त्याच वर्षीच्या बँकिंग कायद्याने देशातील बँकांवर देखरेखीचे व्यापक अधिकार तिला मिळाले. सावकारांच्या आपसांतील पतीवर चालणारा विश्वास आता कायद्याच्या चौकटीत आला.

१३/ याच अधिकारपरंपरेतून पुढे कार्डाचे नियम आले. ऑगस्ट २००९ पासून ऑनलाइन कार्डव्यवहाराला क्रमांकाखेरीज आणखी एक खूण सक्तीची झाली. आज ती बहुधा ओटीपीच्या रूपाने येते. हुंडीमागोमाग जाणाऱ्या खबरपत्राचीच ही नवी आवृत्ती. १ ऑक्टोबर २०२२ पासून दुकानदारांना ग्राहकांचे मूळ कार्डक्रमांक साठवण्यास मनाई झाली. त्याऐवजी टोकन ठेवावे लागते. एका दुकानाचे टोकन दुसऱ्या दुकानात चालत नाही. शाहजोग हुंडी जशी कोणाच्याही हाती वटत नसे, तसेच हे.

१४/ तरीही या ढालीला मर्यादा आहेत, आणि त्यांतली सर्वांत मोठी पेणने दाखवली. २०१० मध्ये रिझर्व्ह बँकेने पेण अर्बन सहकारी बँकेच्या व्यवहारांवर निर्बंध घातले. बनावट कर्जखाती दाखवून शेकडो कोटी रुपये वळवल्याचे तपासात समोर आले. ठेवीदारांत लहान व्यापारी होते, निवृत्त माणसे होती. ठेवींवरील विम्याची मर्यादा तेव्हा १ लाख रुपये होती. ती ५ लाखांवर गेली २०२० मध्ये. पुढे बँकेचा परवानाच रद्द झाला.

१५/ या बुडीत ठेवींमागे कोणाचा कार्डक्रमांक चोरीला गेलेला नव्हता. फिरता क्रमांक दुकानदारापासून आणि वाटेतल्या चोरापासून वाचवतो. पैसे ज्या पेढीत आहेत ती पेढीच पोकळ निघाली तर तो काहीही करू शकत नाही. हुंडीचेही तसेच होते. अक्षर कितीही पक्के असले, तरी ज्याच्यावर लिहिली त्याचे दिवाळे निघाले की ती वटत नसे.

१६/ दुसरी मर्यादा माणसाच्या स्वतःच्या हातची. ओटीपी विचारणाऱ्याला तो सांगून टाकला, तर एकदाच चालणारा क्रमांकही त्या एका वेळी चोराचाच होतो. यासाठी २०१७ चा एक नियम प्रत्येक तरुणाने ध्यानात ठेवावा असा आहे. चूक ग्राहकाची नसेल, बँकेचीही नसेल, पण मधल्या यंत्रणेत गळती होऊन पैसे गेले असतील, तर बँकेकडून सूचना मिळाल्यापासून ३ कामकाजाच्या दिवसांत कळवणाऱ्या ग्राहकावर काहीही भार पडत नाही. फसवणुकीची तक्रार १९३० या क्रमांकावर तातडीने करता येते.

१७/ पेणच्या गणेशमूर्ती आज परदेशी जातात आणि त्यांची मागणीही अनेकदा पडद्यावरूनच नोंदवली जाते. घाटवाटांची जागा तारांनी घेतली. धोका बदलला नाही, त्याने वेश बदलला. शेकडो वर्षांपूर्वीच्या पेढीने त्यावर शोधलेले उत्तर आजही तेच आहे: ज्याला जेवढे द्यायचे तेवढेच, ज्या कामासाठी द्यायचे त्यासाठीच, आणि काम झाले की त्या खुणेची ताकद संपवायची.

१८/ एखाद्या दुकानाचा संगणक उद्या फोडला गेला आणि त्यातील सारे क्रमांक चोराच्या हाती पडले, तर त्यात दोन प्रकार असतील. काही अजून जिवंत हुंड्या असतील. ज्यांनी व्हर्च्युअल कार्ड वापरले, त्यांच्या नावापुढे मात्र चोराला नुसता खोखा सापडेल.

(समाप्त)