हॅण्डल, कळ आणि काका

मोटार ही माणसासारखीच असते. बसून राहिली की बिघडते. हा शोध आम्हांला सीवूड्सला, सोसायटीच्या पार्किंगमध्ये, एका रविवारी सकाळी लागला.

आमच्या शेजारच्या काकांनी निवृत्तीनंतर फंडाच्या पैशांतून एक लालभडक, जुनी स्पोर्ट्‌स कार घेतली होती. जागा दोघांपुरतीच. "तिसरा बसतच नाही, म्हणजे पाहुण्यांना स्टेशनवर सोडायचा प्रश्न मिटला!" असं काकू सांगायच्या. पहाटे दोघं पाम बीच रोडवर चक्कर मारून, खाडीवरचे फ्लेमिंगो बघून परत यायची. गेल्या वर्षी काकू गेल्या आणि गाडीवर कव्हर चढलं. ते त्या रविवारी उतरलं. गाडीच्या कंपनीचं नाव सांगत नाही. दोष तिचा नव्हताच.

काकांनी कळ दाबली. 'कट्' असा आवाज झाला आणि मग सगळं शांत.

झालं! सोसायटीतले झाडून सगळे तज्ज्ञ गोळा झाले. एक म्हणाला, पेट्रोल शिळं झालं. त्यात तथ्य होतं. २०२३ पासून आपल्याकडे २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल येऊ लागलं. इथेनॉल हवेतलं पाणी शोषतं, आणि खाडीकाठच्या हवेत पाण्याला काय तोटा? दुसऱ्याने उंदरांवर आळ घेतला. पण 'कट्' हे लक्षण बॅटरीचं. गाडी उभी असली तरी तिचं घड्याळ, चोरघंटा, कॉम्प्युटर थेंबथेंब वीज पीत असतात. स्टार्टरला एका दमात शेकडो अँपिअर लागतात, तेवढा दम बॅटरीत उरला नव्हता.

"मारा धक्का!" म्हणत चौघांनी बाह्या सरसावल्या. पण गिअर ऑटोमॅटिक. ढकलल्याने चाकं फिरतात, इंजिन फिरत नाही. बाह्या खाली आल्या.

पूर्वी बरं होतं. अ‍ॅम्बेसेडरच्या नाकात हॅण्डल घालून गरागरा फिरवलं की काम होई. मात्र हॅण्डल उलटं उसळलं तर मनगट मोडे. ही मनगटं वाचवली अमेरिकेतल्या चार्ल्स केटरिंगने. हा गृहस्थ आधी दुकानातल्या गल्ल्याच्या यंत्राला विजेची मोटर बसवत होता. गल्ला उघडायला क्षणच लागतो. तेव्हा लहानशा मोटरकडून क्षणभर वाटेल तेवढे कष्ट करून घेतले तरी ती जळत नाही, हे त्याने ताडलं. तीच युक्ती गाडीला लावली आणि १९१२च्या कॅडिलॅकमध्ये सेल्फ स्टार्टर आला. मोटारीचं कुलूप गल्ल्याच्या युक्तीने उघडलं म्हणायचं!

वीज साठवायची सोय त्याआधीच झाली होती. गास्तों प्लांते या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८५९ साली शिसं आणि गंधकाम्ल वापरून पुन्हापुन्हा भरता येणारी बॅटरी केली. तिची अट तेव्हापासून एकच : मला रिकामी ठेवू नका. रिकामी पडून राहिली की शिशाच्या पट्ट्यांवर सल्फेटचे कठीण कण धरतात, आणि पुढे वीज घ्यायची इच्छाच जाते.

हे सगळं मी काकांना ऐकवलं.

"इच्छाच जाते," काका म्हणाले. "खरं आहे."

मी विषय बदलला. बॅटरी डिकीत होती, आणि डिकीचं कुलूप त्याच बॅटरीवर चालणारं! शेवटी रिमोटच्या पोटात दडवलेली चिमुकली किल्ली सापडली. दुधाचा टेम्पो थांबवून वायरी आणल्या. लाल टोकाला लाल जोडली. काळीचं एक टोक टेम्पोच्या बॅटरीला, दुसरं मात्र आपल्या गाडीच्या उघड्या लोखंडाला, बॅटरीपासून लांब. कारण बॅटरीतून निघणारा हायड्रोजन ठिणगीने पेट घेतो. थोडा वेळ थांबून काकांनी कळ दाबली. गाडी गुरगुरली. टाळ्या पडल्या. टेम्पोवाल्याने हॉर्न वाजवला.

"आता निदान अर्धा तास फिरवून आणा," मी म्हणालो.

काकांनी डावीकडचं दार उघडलं. सीटवर काकूंचा गॉगल होता. त्यांनी तो रुमालाने पुसून समोरच्या कप्प्यात ठेवला.

"बसा," ते म्हणाले. "पण गप्प बसू नका. या गाडीला त्याची सवय नाही."