वर्ध्याचा अभिप्राय आणि मुंबईचा 'हिंदू' संघ

१

डिसेंबर १९४० च्या पहिल्या आठवड्यात मुंबईच्या परमानंददास जीवनदास हिंदू जिमखान्याचे एक शिष्टमंडळ वर्ध्यास येऊन महात्मा गांधींना भेटले. त्या सुमारास वर्ध्याकडे येणारी शिष्टमंडळे राजकारणाच्या, खादीच्या किंवा शिक्षणाच्या प्रश्नांसाठी येत असत. हे शिष्टमंडळ मात्र क्रिकेटच्या प्रश्नासाठी आले होते. मुंबईत लवकरच सुरू होणाऱ्या पंचरंगी सामन्यांत हिंदूंच्या संघाने भाग घ्यावा की घेऊ नये, एवढाच त्यांचा प्रश्न होता. गांधीजींनी दिलेल्या उत्तराने त्या वर्षीच्या स्पर्धेचे स्वरूप पालटले आणि भारतीय क्रिकेटची घडण कोणत्या तत्त्वावर असावी हा वादही ऐरणीवर आला.

वर्धा जिल्ह्याच्या इतिहासात या भेटीचा उल्लेख क्वचितच होतो, आणि क्रिकेटच्या इतिहासात तो होतो तेव्हा गांधीजींच्या अभिप्रायापुरताच होतो. परंतु ज्या संघाविषयी तो अभिप्राय दिला गेला, त्या संघाचा पूर्वेतिहास ध्यानात घेतल्यावाचून त्याचा अर्थ नीट उलगडत नाही. म्हणून प्रस्तुत लेखात त्या संघाच्या वाटचालीतील निवडक प्रसंग पाहून मग वर्ध्याच्या भेटीकडे वळावयाचे योजिले आहे.

२

मुंबईत क्रिकेटचा अंगीकार प्रथम पारशी समाजाने केला. ओरिएंटल क्रिकेट क्लब १८४८ मध्ये स्थापन झाला. १८८६ व १८८८ मध्ये पारशी संघ इंग्लंडला जाऊन आले. आणि १८९२ पासून युरोपियन विरुद्ध पारशी असे सामने नियमाने होऊ लागले. हिंदू जिमखान्याची स्थापना १८९४ ची. हे क्लब ज्ञातीच्या व धर्माच्या पायावर उभे राहिले, याचे कारण मुंबईच्या तत्कालीन नागरी जीवनात शोधावे लागते. शाळा, धर्मशाळा, दवाखाने, वसतिगृहे या सर्व संस्था त्याच पायावर उभ्या होत होत्या. खेळ त्याला अपवाद कसा असणार?

हिंदूंच्या संघाच्या इतिहासातील पहिला संस्मरणीय प्रसंग फेब्रुवारी १९०६ चा. बॉम्बे जिमखान्याच्या मैदानावर युरोपियनांविरुद्ध झालेल्या सामन्यात हिंदूंनी २४२ व १६० धावा केल्या. युरोपियनांचे डाव १९१ व १०२ धावांत आटोपले. १०९ धावांनी मिळालेला हा विजय वंगभंगाच्या चळवळीच्या ऐन भरात आला. त्यामुळे मैदानाबाहेरही त्याचा गाजावाजा झाला, हे स्वाभाविकच होते. पुढच्याच वर्षी तिरंगी सामने सुरू झाले. १९१२ मध्ये मुसलमानांचा संघ येऊन ते चौरंगी झाले. आणि १९३७ मध्ये 'इतर' या नावाचा पाचवा संघ दाखल होऊन ते पंचरंगी म्हणून ओळखले जाऊ लागले. या पाचव्या संघात प्रामुख्याने भारतीय ख्रिस्ती, ज्यू व अँग्लो-इंडियन खेळाडू असत. जो कोणत्याच मोठ्या कप्प्यात बसत नाही त्याच्यासाठी 'इतर' असा कप्पा करावा लागला, यातच या रचनेची मर्यादा दिसून येते.

३

१९०६ च्या विजयात पळवणकर बाळू या डावखुऱ्या गोलंदाजाचा वाटा मोठा होता. चर्मकार समाजात जन्मलेल्या बाळूंनी पुण्यास युरोपियनांच्या क्लबात अल्प वेतनावर मैदानाची निगा राखण्याचे व सरावासाठी गोलंदाजी टाकण्याचे काम केले. पुण्याच्या हिंदू संघाने त्यांचे कौशल्य ओळखून त्यांना खेळावयास घेतले. परंतु खेळाच्या मध्यंतरात त्यांचा चहा वेगळ्या मातीच्या पात्रात व मंडपाबाहेर दिला जाई. चेंडू त्यांच्या हातून घ्यावयाचा, मात्र पेला घ्यावयाचा नाही, अशी ही व्यवस्था होती. मुंबईच्या जिमखान्यात सहभोजनाची ही आडकाठी पुढे दूर झाली. १९०६ च्या विजयानंतर 'इंडियन सोशल रिफॉर्मर' या पत्राने त्या विजयाकडे सामाजिक सुधारणेतील एक टप्पा म्हणून पाहिले, ते यामुळेच. पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली १९११ मध्ये इंग्लंडला गेलेल्या अखिल भारतीय संघात बाळूंनी शंभराहून अधिक बळी मिळविले.

तथापि पंक्तीत बसावयास मिळणे वेगळे आणि पंक्तीच्या अग्रभागी बसावयास मिळणे वेगळे. संघातील सर्वांत अनुभवी व यशस्वी खेळाडू असूनही बाळूंना कर्णधारपद मिळाले नाही. १९१३ मध्ये ज्यांच्याकडे ते आले त्या एम. डी. पै यांनी हा मान वस्तुतः बाळूंचा होता, असे जाहीरपणे म्हटले. १९२० मध्ये बाळूंना वगळून नेतृत्व दि. ब. देवधर यांच्याकडे देण्यात आले, तेव्हा बाळूंचे बंधू विठ्ठल व शिवराम यांनी संघातून अंग काढून घेतले आणि आपली बाजू लोकांपुढे मांडली. हा निषेध निष्फळ ठरला नाही. पुढील सामन्यासाठी पै परतले, बाळू उपकर्णधार झाले, आणि पै यांनी मैदान सोडून काही काळ नेतृत्व बाळूंच्या हाती दिले. अखेर १९२३ मध्ये विठ्ठल कर्णधार झाले व त्यांच्या नेतृत्वाखाली हिंदूंनी युरोपियनांचा पराभव करून चौरंगी स्पर्धा जिंकली. विठ्ठल यांनी 'माझे क्रीडा-जीवन' हे आत्मचरित्र १९४८ मध्ये प्रसिद्ध केले; या विषयाच्या अभ्यासकाने ते अवश्य पाहावे.

येथे वर्ध्याच्या इतिहासातील एका तारखेशी तुलना करण्याचा मोह होतो. जमनालाल बजाज यांनी वर्ध्याचे लक्ष्मीनारायण मंदिर अस्पृश्य मानलेल्यांना खुले केले ते जुलै १९२८ मध्ये. मुंबईच्या मैदानावरचे नेतृत्व त्याआधी पाच वर्षे खुले झाले होते. यावरून क्रीडांगण हे मंदिरापेक्षा अधिक पुरोगामी होते असा निष्कर्ष मात्र काढता येणार नाही. युरोपियनांना हरवावयाचे तर उत्तम गोलंदाज लागतो, ही निकड मैदानावर होती. मंदिरात तशी निकड नव्हती. प्रतिस्पर्धी समोर उभा असल्यामुळे 'हिंदू' या नावाची व्याख्या रुंदावली, असे म्हणणे अधिक रास्त होईल.

बाळूंचे पुढील सार्वजनिक जीवनही या संदर्भात लक्षणीय आहे. सप्टेंबर १९३२ च्या पुणे करारावर त्यांची स्वाक्षरी आहे. आणि १९३७ च्या निवडणुकीत मुंबईत काँग्रेसतर्फे डॉ. आंबेडकरांविरुद्ध उभे राहून ते सुमारे दोन हजार मतांनी पराभूत झाले. अस्पृश्यांनी हिंदू समाजाच्या चौकटीत राहून हक्क मिळवावेत की त्या चौकटीबाहेर, हा जो त्या काळचा महत्त्वाचा वाद, त्याची एक बाजू बाळूंनी आपल्या क्रिकेटच्या जीवनात आधीच अनुभविली होती.

४

संघाच्या क्रीडाकौशल्याचा कळस म्हणून १ डिसेंबर १९२६ चा दिवस सांगितला जातो. आर्थर गिलिगन यांच्या एम. सी. सी. संघाविरुद्ध हिंदूंकडून खेळताना सी. के. नायडू यांनी १५३ धावा काढल्या, त्यांत ११ षटकार होते. नायडूंचा जन्म नागपूरचा (१८९५) व त्यांच्या खेळाची पायाभरणीही तेथेच झाली; पुढे होळकरांच्या निमंत्रणावरून ते इंदूरला गेले. १९३२ मध्ये लॉर्ड्स येथे भारताचा पहिला कसोटी सामना झाला, तेव्हा नेतृत्व त्यांच्याकडेच होते. मध्य प्रांतातला हा फलंदाज मुंबईत येऊन खेळला तो मध्य प्रांताचा म्हणून नव्हे, हिंदू म्हणून. १९३४ मध्ये रणजी स्पर्धा सुरू होऊन प्रदेशवार संघांची पद्धत रूढ होऊ लागली. परंतु प्रेक्षकांची गर्दी आणि तिकिटांचे उत्पन्न चौरंगी सामन्यांकडेच राहिले.

सविनय कायदेभंगाच्या काळात, १९३० ते १९३३, हे सामने झाले नाहीत. १९३७ मध्ये नव्या ब्रेबोर्न स्टेडियममधील जागांच्या वाटपावरून हिंदू जिमखान्याने स्पर्धेतून माघार घेतली. १९३९ मध्ये हिंदूंनी अजिंक्यपद मिळविले. अशा रीतीने विजेत्या संघाचे प्रतिनिधी १९४० मध्ये वर्ध्यास आले.

५

त्या वेळची परिस्थिती ध्यानात घेणे अगत्याचे आहे. १७ ऑक्टोबर १९४० रोजी पवनार येथे विनोबांनी युद्धविरोधी भाषण करून वैयक्तिक सत्याग्रहाचा आरंभ केला होता. जवाहरलाल व वल्लभभाई तुरुंगात गेले होते. युरोपात महायुद्ध पेटले होते. अशा वेळी मुंबईने सामन्यांचा उत्सव करावा काय, ही शंका जिमखान्यातील अनेकांना वाटत होती. आणि 'बॉम्बे क्रॉनिकल'सारखी राष्ट्रीय वृत्तीची पत्रे या जातीय सामन्यांवर टीका करीत होतीच.

गांधीजींच्या निवेदनात दोन स्वतंत्र कारणे आहेत, आणि ती वेगळी करून पाहिली पाहिजेत. पहिले कारण प्रसंगाचे: देशातील कार्यकर्ते तुरुंगात व जग युद्धाच्या वणव्यात असताना करमणुकीचा असा सोहळा उचित नाही. दुसरे कारण तत्त्वाचे: महाविद्यालयांचे किंवा संस्थांचे संघ एकमेकांशी खेळतात हे आपण समजू शकतो, पण हिंदू, पारशी, मुसलमान असे संघ का असावेत हे आपल्याला कधीच समजले नाही, निदान खेळाचे क्षेत्र तरी या भेदांपासून मुक्त असावे, असा त्यांचा अभिप्राय होता. पहिले कारण त्या वर्षापुरते होते, दुसरे कायमचे.

मुंबईस परतल्यावर जिमखान्याच्या सभासदांची सभा झाली आणि थोड्या मतांच्या फरकाने माघारीचा निर्णय झाला. सामन्यांच्या समर्थकांची बाजूही पोकळ नव्हती. खेळाडूंमध्ये स्नेह असतो, प्रेक्षक चांगल्या खेळाला धर्म न पाहता दाद देतात, आणि याच सामन्यांच्या उत्पन्नावर क्लब चालतात, असे ते म्हणत. त्या वर्षीची स्पर्धा हिंदूंवाचून पार पडली. अंतिम सामन्यात मुसलमानांनी 'इतर' संघाचा पराभव केला.

६

पुढील वर्षी काय घडले? १९४१ मध्ये हिंदूंचा संघ परत आला व त्याने अजिंक्यपद मिळविले. यावरून एक गोष्ट उघड होते. जिमखान्याने वर्ध्याच्या उत्तरातील पहिले कारण स्वीकारले होते. दुसरे ऐकूनही बाजूला ठेवले होते. १९४२ मध्ये चळवळीमुळे स्पर्धा झाली नाही, आणि १९४३ मध्ये ती पूर्ववत सुरू झाली.

१९४३ चा अंतिम सामना या स्पर्धेच्या इतिहासात अविस्मरणीय ठरला. हिंदूंनी ५ बाद ५८१ धावांवर डाव घोषित केला; त्यांत विजय मर्चंट नाबाद २५०. 'इतर' संघ १३३ धावांत बाद झाला व फॉलोऑननंतरच्या त्याच्या ३८७ धावांपैकी ३०९ एकट्या विजय हजारे यांच्या होत्या. त्यांचे बंधू विवेक यांच्यासह झालेल्या ३०० धावांच्या भागीदारीत विवेक यांचा वाटा २१ धावांचा होता. सामना हिंदूंनी एका डावाने जिंकला. क्रीडारसिक या आकड्यांत रमतील. इतिहासाच्या अभ्यासकाला मात्र आणखी काही दिसते. हजारे सांगलीचे; मराठी मुलखातच जन्मलेले व वाढलेले. परंतु धर्माने ख्रिस्ती असल्यामुळे त्यांची गणना 'इतर'मध्ये झाली. भारतीय क्रिकेटमधील एका थोर खेळीच्या कर्त्याला आपल्याच मुलखात 'इतर' म्हणून खेळावे लागले, याहून वर्ध्याच्या दुसऱ्या कारणाचे बोलके समर्थन कोणते असेल?

१९४४ मध्ये मुसलमानांनी हिंदूंवर अवघ्या एका बळीने विजय मिळविला, के. सी. इब्राहिम यांनी नाबाद १३७ धावा केल्या. १९४५ च्या हंगामात हिंदू पुन्हा विजयी झाले, आणि १९४६ मध्ये हे सामने कायमचे बंद झाले. तोवर देशाच्या राजकारणात हिंदू व मुसलमान हे शब्द वेगळ्याच अर्थाने एकमेकांसमोर उभे होते. या सामन्यांमुळे फाळणी जवळ आली असे मानण्यास आधार नाही. मात्र समाजातील विभागणी मैदानावर दरवर्षी नव्याने आखली जात होती, आणि त्या आखणीतच प्रेक्षकांची निष्ठा व क्लबांचे उत्पन्न गुंतले होते, हे नाकारता येणार नाही.

७

या संघाच्या इतिहासात दोन प्रश्न एकामागून एक उभे राहिले. 'हिंदू' या नावाखाली कोणाकोणाचा समावेश व्हावयाचा, हा पहिला. तो संघाच्या आतून सुटला. पळवणकर बंधूंच्या गुणांमुळे, त्यांच्या निषेधामुळे व पै यांच्यासारख्यांच्या न्यायबुद्धीमुळे. खेळाच्या संघाला असे नाव असावेच काय, हा दुसरा. तो आतून सुटणे कठीण होते, कारण संघाचे अस्तित्वच त्या नावावर अवलंबून होते. त्याचे उत्तर बाहेरून, वर्ध्याहून, आले. आणि ते अमलात येण्यास आणखी सहा वर्षे लागली.

१९५७-५८ पासून विदर्भाचा संघ रणजी स्पर्धेत खेळू लागला. त्या संघाला नाव मिळाले ते प्रदेशाचे. दीर्घ काळ अपयश सोसून या संघाने १ जानेवारी २०१८ रोजी दिल्लीचा पराभव करून प्रथमच रणजी करंडक जिंकला, तो इंदूरच्या होळकर स्टेडियमवर. नागपूरचे नायडू ज्या शहरात जाऊन स्थिरावले, ते हेच शहर. फैज फजल कर्णधार, वसीम जाफर ज्येष्ठ फलंदाज आणि अंतिम सामन्यात लागोपाठ तीन बळी घेणारा रजनीश गुरबाणी. १९४० च्या विभागणीनुसार हे तिघे एका संघात उभे राहू शकले नसते. आज ती गोष्ट कोणाच्या ध्यानातही येत नाही. वर्ध्यास दिलेला दुसरा अभिप्राय किती खोलवर रुजला, हे यावरून समजते.