निवृत्तीनंतरचं बोलावणं

निवृत्त न्यायाधीशांना उच्च न्यायालयात पुन्हा बसवण्याची सोय राज्यघटनेत पहिल्यापासून होती. डॉ. आंबेडकरांच्या मसुदा समितीने ब्रिटन आणि अमेरिकेतली पद्धत पाहून १९४८ च्या मसुद्यातच ती घातली होती. त्या काळी उच्च न्यायालयाचे न्यायाधीश साठीला निवृत्त होत.

१९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने ही सोय काढून टाकली. थोड्या काळासाठी बोलावणं पुरेसंही नाही आणि समाधानकारकही नाही, असं सरकारचं म्हणणं पडलं. त्याऐवजी ‘अतिरिक्त न्यायाधीश’ आले. पुढे १९६३ मध्ये पंधराव्या दुरुस्तीने निवृत्तीचं वय ६२ केलं आणि काढलेली सोय ‘२२४-क’ या नव्या अनुच्छेदातून परत आणली. मुख्य न्यायमूर्तींनी राष्ट्रपतींची पूर्वसंमती घेऊन विनंती करायची, आणि निवृत्त न्यायाधीशांनी होकार दिला तरच त्यांनी बसायचं. सक्ती नाही. ही विनंतीची भाषा मला फार योग्य वाटते.

पण विनंती केली किती वेळा? १९७२ मध्ये मध्य प्रदेशात निवडणूक याचिकांसाठी न्या. सूरज भान, १९८२ मध्ये मद्रासला न्या. पी. वेणुगोपाल, २००७ मध्ये अलाहाबादला अयोध्या खटल्यासाठी न्या. ओ. पी. श्रीवास्तव. २०२१ पर्यंतची सर्वोच्च न्यायालयाने नोंदवलेली उदाहरणं एवढीच. खटले तुंबत असताना घटनेतला हा उपाय अर्धशतकाहून जास्त काळ जवळजवळ पडून राहिला, याचा मला संताप येतो.

‘लोक प्रहरी’ या संस्थेच्या याचिकेवर एप्रिल २०२१ मध्ये सरन्यायाधीश शरद बोबडे (आपले नागपूरचे) यांच्या खंडपीठाने या अनुच्छेदाला कामाची चौकट दिली: हे न्यायाधीश कधी बोलवायचे, किती, किती मुदतीसाठी. नियमित नेमणुका टाळायला ही पळवाट होऊ नये, म्हणून रिक्त पदांच्या प्रमाणाशी जोडलेली २० टक्क्यांची अटही घातली. काळजी रास्त होती. पण तीच अट पुढे आड आली. ३० जानेवारी २०२५ रोजी न्यायालयाने ती स्थगित ठेवली आणि मंजूर पदांच्या १० टक्क्यांपर्यंत तदर्थ, म्हणजे असे निवृत्तीनंतर बोलावलेले, न्यायाधीश नेमायला वाट दिली. त्या आदेशात काम एकच होतं: प्रलंबित फौजदारी अपिलं, तीही कार्यरत न्यायमूर्तींच्या अध्यक्षतेखालील खंडपीठात बसून. सुरुवात तिथूनच व्हायला हवी होती. अपील सुनावणीला येईपर्यंत शिक्षेची वर्षं तुरुंगात उलटतात, आणि नंतर निर्दोष ठरलेल्या माणसाला ती कोणतंही न्यायालय परत देऊ शकत नाही.