शिंगाळ्याचें आमिष

मालवणच्या मासळी-बाजारांत शिंगाळ्याला सरंगा किंवा इसवण यांचा मान कधींच मिळाला नाहीं. अंगावर खवला नाहीं, तोंडाभोंवतीं मांजरासारख्या लोंबत्या मिशा, पाठीवर एक आणि दोन्ही कुशींना एकेक असे दातेरी, विषारी कांटे. असा हा मासा पाहतांच पाहुणी म्हणून आलेली शहरी गृहिणी पुढच्या पाटीकडे वळते. कांटा लागलेला हात फार ठणकतो, म्हणून मासा होडींत येतांच खलाशी प्रथम ते कांटे मोडून टाकतो. अशा या उपेक्षित माशाचें एके काळीं परदेशांत मोठें नांव होतें. त्याच्या पोटांतील वाताशय, म्हणजे हवेचा फुगा, सुकवून मुंबई बंदरांतून बाहेर धाडला जाई. चीनमध्यें त्याचें सार होई, आणि विलायतेंत मद्य निवळण्याकडे त्याचा उपयोग करीत. शिंगाळ्याचे लहान भाईबंद खाडींत शिरतात. त्यांना मालवणकडे शेंगटी म्हणतात, आणि पावसाळ्यांत समुद्र बंद झाला कीं खाडीकांठच्या घरांची भिस्त त्यांच्यावरच असते.

हा मासा जाळ्यांत सांपडतो आणि गळालाहि लागतो. परंतु या दोन रीतींत मोठें अंतर आहे. जाळें माशाच्या वाटेंत उभें राहतें किंवा त्याला वेढून आणतें. मासा भुकेला आहे कीं तृप्त आहे, हें जाळ्याला ठाऊक असण्याचें कारण नाहीं. गळाचें तसें नाहीं. गळ टाकणाऱ्याला माशाची भूक, तिची वेळ आणि तिची आवड हीं तिन्ही ओळखावीं लागतात, आणि तें सारें ज्ञान गळाच्या टोंकावर लावलेल्या इवल्याशा आमिषांत सांठवलेलें असतें.

हें ज्ञान आपल्याकडे किती जुनें आहे, याचा एक भक्कम पुरावा उपलब्ध आहे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर यानें इ. स. ११२९ च्या सुमारास ‘मानसोल्लास’ नांवाचा विश्वकोशासारखा संस्कृत ग्रंथ सिद्ध केला. महाराष्ट्रांतील स्त्रिया कांडतांना ओव्या गातात ही नोंद त्यांतलीच, त्यामुळें मराठी वाङ्मयाच्या अभ्यासकांना तो परिचित आहे. बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेंत श्रीगोंदेकरांनीं संपादिलेला त्याचा पहिला खंड १९२५ सालीं निघाला. पांच विंशतींत मिळून शंभर अध्याय. त्यांत राज्यकारभार आहे, हत्ती आहेत, मल्लयुद्ध आहे, पाकशास्त्र आहे, संगीत आहे, आणि राजाच्या करमणुकींमध्यें ‘मत्स्यविनोद’ म्हणजे गळानें मासे धरण्याचा खेळहि आहे. प्राणिशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनीं १९५१ सालीं एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकांत या अध्यायाकडे विद्वानांचें लक्ष वेधलें.

सोमेश्वरानें माशांची वाटणी मोठ्या व्यवहारी दृष्टीनें केली आहे. समुद्रांतले व नद्यांतले, खवल्यांचे व बिनखवल्यांचे, असे भेद सांगून तो पाठीन, रोहित, महाशील इत्यादि नांवें देतो. यांतील पाठीन हा शिंगाळ्याच्याच मोठ्या कुळांतला, गोड्या पाण्यांतला बिनखवल्याचा मासा. देशावर त्याला शिवडा म्हणतात. अमरकोशानें त्याला सहस्रदंष्ट्र, म्हणजे हजार दातांचा, असें म्हटलें आहे. परंतु सोमेश्वराच्या अध्यायाचा खरा गाभा आमिषांत आहे. कोणत्या माशाला पिठाचे व पेंडीचे गोळे रुचतात, कोणाला मांसच लागतें, हें तो वेगवेगळें सांगतो. गळ टाकण्यापूर्वीं माशांना चारा घालून त्यांना जागेची संवय लावावी, असाहि त्याचा कटाक्ष आहे. यूरोपांत गळाच्या शिकारीवर पुस्तकें निघूं लागलीं त्याच्या कितीतरी आधींची ही गोष्ट आहे.

कल्याणी हें समुद्रापासून दूरचें नगर, तेव्हां तेथल्या राजाला सागरी माशांची वार्ता कोठून, असा प्रश्न पडेल. पण गोवें आणि त्यालगतचें कोंकण राखणारा कदंब राजा दुसरा जयकेशी हा या सोमेश्वराचा मेहुणा होता. चालुक्य विक्रमादित्याची कन्या मैलालदेवी त्याला दिलेली होती. दरबार आणि किनारा यांचा संबंध असा घरोब्याचा होता. शिवाय पिठाचा गोळा पाण्यांत किती वेळ टिकतो, हें ज्ञान राजवाड्यांत जन्मास आलें नसणार हें उघड आहे. तें नदीकांठच्या आणि खाडीकांठच्या माणसांचें. राजानें तें श्लोकबद्ध केलें एवढेंच. राजाचा तो विनोद होता, त्यांची ती भाकरी होती.

मालवणच्या किनाऱ्यावर आज जीं आमिषें घरच्या घरीं केलीं जातात, त्यांत या जुन्या विभागणीचें प्रतिबिंब दिसतें. देवबागेजवळ समुद्राला मिळणारी कर्ली आणि कालावलच्या खाडींत उतरणारी गड, या दोन्ही नद्यांचें पाणी पावसाळ्यांत लाल, गढूळ होतें. अशा पाण्यांत डोळ्यांचा उपयोग नाहीं. शेंगटी व शिंगाळा हे मासे डोळ्यांपेक्षां मिशांनीं जगतात. या मिशांवर चवीचीं सूक्ष्म केंद्रें पसरलेलीं असतात. आपण जिभेनें चाखतों तसा हा मासा तळाचा गाळ मिशांनीं चाखत फिरतो. तेव्हां आमिषाची परीक्षा रंगानें होत नाहीं, पाण्यांत विरघळणाऱ्या चवीनें होते. तेलाचा तवंग वर तरंगतो, परंतु मांसांतून पाझरणारीं अमिनो आम्लें प्रवाहाबरोबर दूरवर जातात, आणि मासा त्या वासाच्या धाग्याला धरून उलट दिशेनें येतो.

साधें आमिष म्हणजे गांडूळ. पावसाच्या पहिल्या सरींनंतर परसांतल्या केळीच्या बुंध्याशीं तीं मिळतात आणि ओल्या मातीसकट करवंटींत ठेवलीं जातात. दुसरें सुंगटाचें, म्हणजे कोळंबीचें. तिसरें तारल्यासारख्या तेलकट माशाचें. येथें हाताचें कसब लागतें. तुकडा चौकोनी कापला तर तो गळावरून सुटतो. कातडीसकट लांबट पट्टी कापून गळ कातडींतून पार केला म्हणजे मांस झिजलें तरी पट्टी धरून राहते. पट्ट्यांना मीठ चोळून ठेवल्यास त्यांतलें पाणी निघून जातें, मांस घट्ट होतें, आणि दुसऱ्या दिवशींहि तें उपयोगी पडतें. माकूल सर्वांत चिवट. खेंकडे आणि लहान मासे त्याला कुरतडून दमतात. कुजक्या आमिषावर मिशीवाले मासे अधिक येतात अशी समजूत जगभर आहे. अमेरिकेंतल्या मिसिसिपीच्या खोऱ्यांत तर चीज, रक्त आणि पीठ यांचे उग्र वासाचे गोळे करण्याची चढाओढ चालते. परंतु कुजलेलें मांस मऊ पडतें आणि गळावरून निसटतें, हा त्यांतला दोष उष्ण हवेंत लवकर प्रत्ययास येतो.

पिठाच्या आमिषाची गंमत गृहिणींना अधिक कळेल. तांदळाचें कच्चें पीठ थंड पाण्यांत भिजवून केलेला गोळा पाण्यांत पडतांच भुगा होतो, कारण तांदळाच्या पिठाला गव्हासारखा चिकटपणा नाहीं. तेंच पीठ मोदकाच्या उकडीप्रमाणें आधणाच्या पाण्यांत शिजवलें कीं त्यांतला पिष्टांश फुगून लवचिक होतो व गोळा तग धरतो. त्यांत सुक्या जवळ्याची पूड मळली म्हणजे बिनवासाच्या पिठाला वास येतो. गोळा फार घट्ट झाला तर चव बाहेर पाझरत नाहीं, फार सैल झाला तर गळ रिकामा वर येतो. स्वयंपाकघर आणि खाडी यांच्यामधलें अंतर या एका गोळ्यापुरतें तरी नाहींसें होतें.

एवढी तयारी करूनहि एक शिंगाळा गळाला लागत नाहीं. तो म्हणजे तोंडांत अंडीं बाळगणारा नर. समुद्री शिंगाळ्याची मादी इतर माशांप्रमाणें लाखोंनीं अंडीं घालीत नाहीं. तिचीं अंडीं थोडीं, पण टपोरीं, एक सेंटिमीटरहून अधिक व्यासाचीं असतात. नर तीं तोंडांत घेतो आणि पिलें बाहेर पडून पोहूं लागेपर्यंत, कित्येक आठवडे, तोंडांतच वागवितो. तेवढा काळ तो कांहीं खात नाहीं. अशा नराचें जठर रिकामें आढळतें. मग त्याच्या पुढून तारल्याची ताजी पट्टी गेली काय आणि उकडीचा गोळा गेला काय, त्याचें तोंड उघडत नाहीं. गळ टाकणाऱ्याला हें शास्त्र ठाऊक असो वा नसो, जो बाप पिलें वागवीत होता तो त्याच्या हातीं लागत नव्हता. मादी मात्र खात असे आणि लागत असे, म्हणून या मासेमारीला निष्पाप म्हणण्याचें कारण नाहीं. तरी तिला एक मर्यादा होती, आणि ती माशानेंच घातलेली होती.

जाळ्याला ही मर्यादा नाहीं. मालवणची जुनी रापण, म्हणजे किनाऱ्यावरून दोन टोंकांनीं माणसांनीं ओढण्याचें प्रचंड जाळें, हीहि खाता मासा आणि उपाशी मासा असा भेद करीत नाहीं. पण रापणीला मासा किनाऱ्याशीं येण्याची वाट पाहावी लागते. यंत्रनौकेला वाट पाहावी लागत नाहीं. १९७० नंतरच्या दशकांत कर्नाटकाच्या किनाऱ्यावर पर्ससीन जाळीं मोठ्या प्रमाणांत आलीं. हीं जाळीं थव्याला वेढतात आणि पिशवीच्या तोंडाप्रमाणें खालून आवळतात. १९८० च्या सुमारास शिंगाळ्यांचे थवेच्या थवे असे वर आले, आणि त्यांत अंडीं बाळगणारे नर मोठ्या संख्येनें होते. डेकवर पडतांच नरांचीं तोंडें उघडलीं आणि अंडीं फळ्यांवर सांडलीं. केंद्रीय समुद्री मत्स्य संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनीं त्या नाशाची नोंद करून इशारा दिला. ज्या माशाचीं अंडीं लाखांनीं असतात त्याची हानि दोन हंगामांत भरून येऊं शकते. ज्याचीं शेकड्याच्या आंत-बाहेर असतात त्याची येत नाहीं. पश्चिम किनाऱ्यावरचा शिंगाळ्याचा धंदा त्यानंतर खालावला.

महाराष्ट्रांत सागरी मासेमारीचें नियमन करणारा कायदा १९८१ चा. मालवणचे पारंपरिक मच्छीमार पर्ससीनविरुद्ध वर्षानुवर्षें झगडत राहिले, आणि ५ फेब्रुवारी २०१६ रोजीं राज्यशासनानें या जाळ्यांवर निर्बंध घातले. त्या वादांत इसवण आणि बांगडा यांचीं नांवें वारंवार निघालीं. भाव नसलेल्या शिंगाळ्याचें नांव फारसें कोणी घेतलें नाहीं.

जून-जुलै हे दोन महिने यंत्रनौका कायद्यानेंच किनाऱ्याला लागतात. नारळी पौर्णिमेपर्यंत समुद्र कोणाचाच नसतो. त्या दिवसांत कर्लीच्या कांठीं, डोक्यावर इरलें किंवा छत्री घेऊन, गरवायला बसलेलीं माणसें दिसतात. शेजारीं करवंटींत गांडुळें, पानांत गुंडाळलेली मिठाची पट्टी, आणि बोटाला गुंडाळलेली दोरी. शेंगटी एकदम ओढीत नाहीं. आधीं मिशांनीं चांचपते, आणि तो हलका स्पर्श दोरीवरून बोटाला कळतो. अनुभवी हात तेव्हां हलत नाहीं. दुसरा, जड ओढा आला म्हणजेच तो दोरीला झटका देतो.