सर्वानुमते

आमच्या सोसायटीच्या इतिवृत्ताच्या वहीत एक वाक्य आहे: "सदर ठराव सर्वानुमते मंजूर करण्यात आला." ठराव काय, तर दुसऱ्या मजल्यावर भाड्याने राहणाऱ्या दोन मुलांचा करार पुढे वाढवू नये, अशी मालकांना विनंती करावी. कारण वहीत लिहिलेलं नाही, पण सभेत सगळ्यांना माहीत होतं. दोघं 'तसे' आहेत, असं कुणीतरी म्हणालं होतं. चेअरमनसाहेबांनी विचारलं, "कुणाची हरकत?" मी मोबाईलकडे बघत बसलो. हो म्हणालो नाही, नाहीही म्हणालो नाही. वहीत मात्र माझं मत नोंदलं गेलं. सर्वानुमते म्हणजे मीसुद्धा.

धंद्याने सॉफ्टवेअरवाला असल्यामुळे मला लॉग वाचायची सवय आहे. काही बिघडलं की आधी लॉग उघडायचा, कुणी काय केलं ते बघायचं. त्या आठवड्यात शनिवार-रविवार बसून मी जगातले असेच काही लॉग वाचले. कायदेमंडळांत या विषयावर कुणी हात वर केला, कुणी खाली ठेवला याचे.

सुरुवात अमेरिकेपासून. ९ फेब्रुवारी २०२२ ला तिथल्या प्रतिनिधीगृहाने 'ग्लोबल रिस्पेक्ट अ‍ॅक्ट' नावाचं विधेयक २२७ विरुद्ध २०६ मतांनी मंजूर केलं. मांडणारे डेव्हिड सिसिलिनी, स्वतः उघडपणे समलिंगी असलेले खासदार. कल्पना सोपी होती. जगात कुठेही समलिंगी किंवा ट्रान्स माणसांचा छळ, कोंडून ठेवणं, खून यांना जबाबदार असलेल्या परदेशी व्यक्तींची यादी राष्ट्राध्यक्षांनी संसदेला द्यायची आणि त्या लोकांना अमेरिकेचा व्हिसा द्यायचा नाही. म्हणजे निर्बंध देशावर नाही, नावानिशी माणसावर.

आता मतं बघा. जवळजवळ सगळे डेमोक्रॅट बाजूने, मूठभर सोडून सगळे रिपब्लिकन विरोधात. सिनेटमध्ये विधेयक मतदानाला आलंच नाही आणि जानेवारी २०२३ मध्ये त्या संसदेबरोबरच संपलं. शंभर सिनेटरांपैकी एकाच्याही नावापुढे हो नाही की नाही नाही. आमच्या सोसायटीसारखंच, पण जास्त सभ्यपणे.

मग या नोंदीवरून एखाद्या खासदाराबद्दल काय समजायचं? पटकन वाटतं, हो म्हणाला तो चांगला, नाही म्हणाला तो वाईट. थोडं थांबा. दहा वर्षं मागे जाऊ. सर्गेई मॅग्नित्स्की हा मॉस्कोतला कर सल्लागार. सरकारी अधिकाऱ्यांचा घोटाळा उघड केला म्हणून तुरुंगात गेला आणि नोव्हेंबर २००९ मध्ये तिथेच मेला. त्याच्या नावाचा कायदा अमेरिकेने २०१२ मध्ये केला. प्रतिनिधीगृहात ३६५ विरुद्ध ४३, सिनेटमध्ये ९२ विरुद्ध ४. म्हणजे दोन्ही पक्ष एकत्र.

हाच कायदा पुढे कुठे वापरला गेला माहीत आहे? एप्रिल २०१७ मध्ये 'नोवाया गझेता' या रशियन वृत्तपत्राने चेचन्यात समलिंगी पुरुषांना उचलून नेऊन छळ होत असल्याची बातमी छापली. त्याच वर्षी २० डिसेंबरला अमेरिकेने चेचन्याचे प्रमुख रमझान कादिरोव्ह आणि आर्गुन गावचे पोलीस अधिकारी अयुब कताएव्ह यांना याच कायद्याच्या यादीत टाकलं. कताएव्हचा संबंध थेट या छळाशी जोडला होता. म्हणजे २०१२ साली मान डोलावणाऱ्या कित्येकांनी, कदाचित स्वतःला न कळता, समलिंगी माणसांसाठीच मत दिलं होतं! समजा एखाद्या खासदाराने २०१२ मध्ये हो आणि २०२२ मध्ये नाही म्हटलं. 'हत्यार आधीच हातात आहे, नवं कशाला?' असं त्याला म्हणता येतं. किंवा ज्यांचा छळ होतो त्यांचं नाव कायद्यात लिहिण्यालाच त्याचा विरोध असेल. मत एकच, अर्थ दोन. लॉगमध्ये काय घडलं ते दिसतं, का घडलं ते दिसत नाही.

ज्यांच्यावर निर्बंध लागतात, त्यांच्या संसदेतली नोंद तर आणखी विलक्षण आहे. युगांडा घ्या. तिथला समलिंगींविरुद्धचा कायदा नवा नव्हे. इंग्रजांनी आपला भारतीय दंडविधान विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पूर्व आफ्रिकेत नेला, त्यात आपलं कलम ३७७ सुद्धा होतं. पण २००९ मध्ये डेव्हिड बहाती या खासदाराने फाशीची तरतूद असलेलं विधेयक आणलं. ते थोडं सौम्य होऊन (फाशीऐवजी जन्मठेप) २० डिसेंबर २०१३ ला, नाताळच्या तोंडावर, मंजूर झालं. सभागृहात पंतप्रधान अमामा म्बाबाझी उठून म्हणाले, गणसंख्या पुरी नाही. सभापती रिबेका कडागांनी मोजणी न करताच कामकाज पुढे रेटलं.

१ ऑगस्ट २०१४ ला युगांडाच्या घटनात्मक न्यायालयाने तो अख्खा कायदा रद्द केला. मानवी हक्कांवर न्यायाधीशांनी निकाल दिलाच नाही. डोकी मोजली नाहीत, एवढ्या एका कारणावर कायदा गेला! प्रोग्रॅमरला हे लगेच कळेल. सगळं लॉजिक लिहिलं आणि पहिलीच तपासणी विसरले.

अर्जदारांमध्ये एक खासदार होते, फॉक्स ओडोई-ओयवेलोवो. राष्ट्राध्यक्ष मुसेवेनींच्याच पक्षाचे, एकेकाळचे त्यांचे कायदा सल्लागार. हे नाव लक्षात ठेवा.

२०२३ मध्ये विधेयक परत आलं, फाशीसकट. या वेळी चूक होऊ द्यायची नव्हती. २१ मार्चला साडेतीनशेहून जास्त सदस्य हजर, सभापती अनिता अमोंग, सगळं उघडपणे, कोण कुठल्या बाजूला ते सगळ्यांना दिसेल असं. विरोधात फक्त दोघं. पॉल क्विझेरा बुच्याना आणि आपले ओडोई. मुसेवेनींनी विधेयक दुरुस्तीसाठी परत पाठवलं, २ मे ला ते पुन्हा आलं, तेव्हा विरोधात एकटे ओडोई उरले. मे अखेरीस कायदा झाला. ओडोई परत कोर्टात गेले. ३ एप्रिल २०२४ ला कोर्टाने काही कलमं काढली, बाकी कायदा कायम ठेवला.

इथे गंमत (गंमत कसली म्हणा) अशी, की २०१४ मध्ये कायदा पाडणारी हजेरी २०२३ मध्ये निर्बंधांच्या कामाला आली. डिसेंबर २०२३ मध्ये अमेरिकेने शेकडो युगांडन खासदार आणि त्यांच्या कुटुंबीयांवर व्हिसाबंदी आणल्याचं जाहीर केलं. त्यासाठी ग्लोबल रिस्पेक्ट अ‍ॅक्ट लागला नाही, जुना अधिकार पुरला. पण व्हिसाच्या नोंदी अमेरिकन कायद्याने गोपनीय, त्यामुळे ती यादी छापली नाही. खासदारांनी मत दिलं उजेडात, शिक्षा झाली अंधारात. आणि कायदा? तो तिथेच आहे. जागतिक बँकेनेही ऑगस्ट २०२३ मध्ये नवं कर्ज थांबवलं होतं, २०२५ मध्ये तेही पुन्हा सुरू झालं.

मग निर्बंध फुकट का? मला तसं वाटत नाही, पण त्यांनी कायदा बदलला असं म्हणणंही खोटं ठरेल. माझ्या मनात राहिला तो ओडोईंचा एकटा 'नाही'. अमेरिकेत २२७ पैकी एक होण्याला फार धैर्य लागत नाही, आपला अख्खा पक्ष सोबत असतो. मताची किंमत वाचायची असेल तर बाजूला आणखी कितीजण उभे होते ते बघावं.

आता म्हणाल, आपलं काय? १८ डिसेंबर २०१५ ला शशी थरूर यांनी कलम ३७७ बदलणारं खाजगी विधेयक लोकसभेत मांडायची परवानगी मागितली. मंजूर करायची नव्हे, नुसती मांडायची. बाजूने २४, विरोधात ७१, तटस्थ १. साडेपाचशेच्या आसपास सदस्यांच्या सभागृहात शंभर मतंसुद्धा नाहीत. बाकीचे कुठे होते? ३७७ चा प्रश्न शेवटी ६ सप्टेंबर २०१८ ला सुप्रीम कोर्टाने सोडवला. त्यानंतरही, जुलै २०१९ मध्ये, जिनिव्हात या विषयावरच्या संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञाची मुदत वाढवायचं मतदान झालं तेव्हा भारत तटस्थ राहिला. २०१६ मध्ये ते पद निर्माण होतानाही तटस्थच होता.

तटस्थ हा शब्द वाचला आणि मला आमची सभा आठवली. जिनिव्हात निदान तटस्थांची नावं वेगळी छापतात. आमच्या वहीत ती सोय नाही.

असो. पुढच्या सभेत पहिला विषय नेहमीचाच होता, 'मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे'. सेक्रेटरींनी भराभर वाचलं. मी हात वर केला आणि म्हणालो, "काका, 'सर्वानुमते'च्या जागी 'बहुमताने' करा. माझी हरकत होती." ते म्हणाले, "तेव्हा बोलला नाहीत." खरंच होतं. म्हटलं, "तेव्हा चुकलं. आता लिहा."

त्यांनी माझ्याकडे एकदा बघितलं, शब्द खोडला, वर 'बहुमताने' लिहिलं आणि बाजूला सही केली. दोन्ही मुलं तोवर खोली सोडून गेली होती. कुठे गेली, मी विचारलं नव्हतं.